लॅडर घ्यायच्या आधी एक भिंत शोधा: खेळातलं कोऑर्डिनेशन कसं वाढवायचं

संध्याकाळी गोव्यातल्या कुठल्याही ग्राउंडवर जा, म्हापशाचं पेडे असो, फोंड्याकडचं फर्मागुढी असो नाहीतर सत्तरीतल्या एखाद्या गावातलं कापणी झालेलं शेत असो, बाजूला उभ्या असलेल्या आईबापांची तक्रार एकच असते. पोरगा पळतो जोरात, दमत नाही, पण बॉल आला की पाय एकमेकांत अडकतात. क्रिकेटवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं, हात एकीकडे जातो आणि बॉल दुसरीकडून निघून जातो. मग कोणीतरी सांगतं की लॅडर घ्या (जमिनीवर अंथरायची पट्ट्यांची शिडी, तिच्या चौकोनांत पाय टाकत जायचं), ऑनलाइन मिळते, आणि पुढच्या आठवड्यात ग्राउंडवर पिवळ्या पट्ट्यांची लॅडर अंथरलेली दिसते.

लॅडर वाईट नाही, पाय हलके व्हायला, वॉर्मअपला ठीक आहे. पण तिचे चौकोन जागचे हलत नाहीत ना. पोरगं दोन आठवड्यांत ती तोंडपाठ करतं, खाली बघत टकटक टकटक पाय टाकतं, व्हिडिओ मस्त येतो, आणि मॅचमध्ये समोरचा डिफेंडर काही लॅडरसारखा आडवा पडून राहत नाही. खेळात काय होईल ते आधी माहीत नसतं आणि तरी शरीराने वेळेवर बरोबर जागी जायचं असतं, कोऑर्डिनेशनची खरी गरज तिथे आहे. म्हणून या लेखात लॅडर जवळजवळ नाहीच. एक भिंत, दोन टेनिस बॉल, एक फुटबॉल, थोडी वाळू आणि एखादा मित्र किंवा भाऊ-बहीण एवढ्यावर भागेल.

आधी थोडक्यात, आत काय चालतं. डोळे सांगतात बॉल कुठे आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो डोकं कुठल्या बाजूला कलतंय, स्नायू आणि सांध्यांमधले सेन्सर सांगतात की आपला गुडघा, घोटा आत्ता कुठे आहे (डोळे मिटूनसुद्धा नाकाला बोट लावता येतं ते याच्यामुळे), आणि हे सगळं जुळवून हालचाल गुळगुळीत करण्यात डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. सीबीएसईच्या बारावीच्या फिजिकल एज्युकेशनमध्ये कोऑर्डिनेशनचे सात प्रकार शिकवतात, दिशा आणि जागेचं भान, जोर कमीजास्त करता येणं, रिअॅक्शन, ताल, तोल, शरीराचे वेगवेगळे भाग एकत्र चालवणं आणि आयत्या वेळी बदल करणं. परीक्षेला सात लिहा, पण ग्राउंडवर ही सातही एकमेकांत मिसळलेली असतात आणि एकेक सुटं करून घोटलं की बराच वेळ फुकट जातो असं माझं मत आहे.

सुरू करायच्या आधी तीन टेस्ट

कुठे आहोत ते कळलं तर पुढे सुधारलं की नाही ते कळणार. तिन्ही घरी होतात.

पहिली भिंतीची. भिंतीपासून २ मीटरवर उभं राहायचं, टेनिस बॉल एका हाताने खालून भिंतीवर टाकायचा आणि दुसऱ्या हाताने पकडायचा, मग त्या हाताने टाकून पहिल्याने पकडायचा, ३० सेकंदात किती कॅच होतात ते मोजायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी जे कोष्टक वापरतात त्यात ३५ च्या वर म्हणजे उत्तम, २५ ते २९ साधारण आणि २० च्या खाली म्हणजे कच्चं. लहान मुलांचे किंवा चाळिशीतल्या बाबांचे आकडे याच्याशी ताडून बघू नका, त्यांनी स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडायचं.

दुसरी पट्टीची. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्या कोणीतरी वरून उभी धरायची, शून्याचं टोक खाली तुमच्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये, आणि न सांगता सोडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते बघा. पडण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे सेंटिमीटरवरून वेळ काढता येते, १५ वर पकडली तर साधारण ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, आणि पार ३० पर्यंत गेली तर ०.२५. पाच वेळा करून मधला आकडा घ्या, एखादी वेळ नशिबाने पकडली जाते.

तिसरी तोलाची, एका पायावर उभं राहायचं, एकदा डोळे उघडे, एकदा मिटून. डोळे मिटल्यावर बहुतेकांची पंचाईत होते. खेलो इंडियाच्या शाळांसाठीच्या चाचण्यांमध्येसुद्धा ५ ते ८ वर्षांच्या मुलांना एका पायावर तोल सांभाळायची फ्लेमिंगो टेस्ट आहे, त्यामुळे तुमच्या पोराने शाळेत कदाचित ती केलेलीही असेल, विचारून बघा.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, पण प्रत्येक वेळी थोडी वेगळी

हा भाग वाचून सोडून देऊ नका, बाकी सगळे ड्रिल याच्यावरच उभे आहेत.

१९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन नावाचा संशोधक छिन्नी-हातोड्याने काम करणाऱ्या कामगारांच्या हालचाली अभ्यासत होता. त्यांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून फिल्म काढायचा. त्याला दिसलं ते असं की मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी छिन्नीवर बरोबर त्याच जागी बसतो, पण खांदा, कोपर, मनगट यांचा रस्ता दर वेळी थोडा थोडा वेगळा असतो. म्हणजे हात एक ठरलेली हालचाल छापून ठेवत नाही, तर प्रत्येक वेळी तोच प्रश्न नव्याने सोडवतो. नवशिक्याचं उलटं असतं, तो सांधे आवळून धरतो, लाकडासारखा ताठ, कारण एवढे सगळे सांधे एकदम सांभाळता येत नाहीत. त्यामुळे नवीन पोरगं कडक दिसलं तर ओरडू नका, ती पहिली पायरी आहे, हळूहळू एकेक सांधा मोकळा होतो.

याचा आपल्याला उपयोग काय, तर एकाच जागेवरून एकाच जोराने पन्नास पास मारण्यापेक्षा ते पन्नास पास वेगवेगळ्या अंतरावरून, वेगवेगळ्या जोराने, कधी उजव्या कधी डाव्या पायाने मारायचे. १९८६ मध्ये अमेरिकेत गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटन शिकणाऱ्यांवर प्रयोग केला होता, तीन प्रकारच्या सर्व्हिस होत्या, एका गटाने एकेक सर्व्हिस ओळीने घोटली आणि एका गटाने तिन्ही मिसळून, कधी कुठली येईल ते ठरलेलं नाही अशी प्रॅक्टिस केली. नंतर टेस्ट घेतली तेव्हा मिसळून करणारे पुढे होते. गंमत म्हणजे मिसळून केलं की प्रॅक्टिसच्या वेळी चुका जास्त होतात आणि वाटतं की काही जमतच नाही, पालक लगेच नाराज होतात, कोचलाही व्हिडिओ टाकायला काही मिळत नाही. पण शिकणं तिथेच होत असतं.

फक्त एक, ज्याला बॉल पकडताच येत नाही अशा सहा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून सगळं मिसळून देऊ नका. आधी सोपं, सारखं, जरा हात बसेपर्यंत. दहातले सहा-सात जमायला लागले की मिसळायला सुरुवात.

भिंत

गोव्यात भिंतींना तोटा नाही आणि त्यातही चिऱ्यांची (जांभ्या दगडाची), गिलावा न केलेली भिंत मिळाली तर सोनं. चिऱ्याला भोकं असतात, कडा असतात, सांध्यांमध्ये खाचा असतात, बॉल सरळ परत येतच नाही. दुकानात वेड्यावाकड्या उसळीचे रिअॅक्शन बॉल मिळतात, तेच काम ही भिंत फुकटात करते. डॉन ब्रॅडमन लहानपणी ऑस्ट्रेलियात बाउरल गावी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या गोल विटांच्या चौथऱ्यावर गोल्फ बॉल मारून, परत येणारा बॉल क्रिकेटच्या स्टंपने खेळायचा, हे क्रिकेटवाल्यांना माहीतच असेल. बॅट नाही, स्टंप, आणि बॉल कुठे उडेल त्याचा भरवसा नाही. त्याला कोणी ड्रिल शिकवलं नव्हतं, पण वर बर्नस्टाइनचं जे सांगितलं तेच तिथे चाललेलं.

हातांपासून सुरू करा, खेळ कुठलाही असो. आधी दोन्ही हातांनी टाकणं-पकडणं, मग एकाने टाकून दुसऱ्याने पकडणं, मग एकाच हाताने. ते जमलं की अंतर बदलत राहा, २ मीटर, ४ मीटर, परत दीड. मग एका पायावर उभं राहून. मग टाकल्यावर एक टाळी, दोन टाळ्या, मागे टाळी. मग दोन बॉल, एक हातात असताना दुसरा टाकायचा. जिथे दहातले नऊ आरामात व्हायला लागतात तिथून पुढे सरका, कारण तिथे आता शिकण्यासारखं काही उरलं नाही, नुसता टाइमपास चाललाय.

गोलकीपर आणि स्लिपमध्ये उभं राहणाऱ्यांसाठी माझं सगळ्यात आवडतं, भिंतीकडे तोंड करून ३ मीटरवर उभं राहायचं आणि मित्राने तुमच्या पाठीमागून भिंतीवर बॉल मारायचा. त्याचा हात दिसत नाही, बॉल भिंतीवर आपटला की मगच कळतं. चिऱ्यांची भिंत असेल तर पहिल्या दिवशी अंगावरच येतो, टेनिस बॉलच वापरा, लेदर नको. आपल्याकडे गोलकीपर म्हटलं की अजून लोक ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव घेतात, आणि गोलकीपिंग म्हणजे हवेत उडी मारणं असं पोरांना वाटतं, पण उडीच्या आधीचं अर्धं पाऊल वेळेवर पडलं तर बऱ्याच वेळा उडी मारावीच लागत नाही. हे ड्रिल ते अर्धं पाऊल शिकवतं.

फुटबॉलसाठी तीच भिंत. एक टच उजवा, एक टच डावा, पाच मीटरवरून. मग ट्रॅप करून, म्हणजे बॉल पायाने थांबवून, दुसऱ्या पायाने पास. मग बॉल भिंतीवर असताना एकदा मान वळवून मागे बघायचं, आणि मागे उभा असलेला भाऊ बोटं दाखवतो, ती किती ते पहिल्या टचच्या आधी ओरडून सांगायचं. सुरुवातीला बॉल पायाखालून जातो, जाऊ दे. बॉलशिवाय दुसरं काही बघता न येणं हा आपल्या गावच्या फुटबॉलमधला मोठा रोग आहे, टच छान असतो पण मान खाली.

शेजाऱ्याच्या कंपाउंडवर मारत असाल तर आधी विचारा. संध्याकाळी आतमध्ये आजी सीरियल बघत बसलेली असते आणि धप्प धप्प आवाज सहन होत नाही, प्रॅक्टिस कायमची बंद पडायची.

वाळू आणि तोल

मिरामार, कोलवा, मोरजी, जे जवळ असेल ते. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते आणि वर गेलं की मऊ, म्हणजे दहा पावलांत जमीन बदलते. ओल्या वाळूवरून पळत मऊ वाळूत जा, वळा, परत या, घोट्याला प्रत्येक पावलाला नवीन हिशोब करावा लागतो. अनवाणी करा पण आधी तो पट्टा चालत बघून घ्या, बाटल्यांच्या काचा असतात, विशेषतः सोमवारी सकाळी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, मऊ वाळूत पोटऱ्या आणि घोट्याच्या मागची शीर जाम भरून येते. आणि बीचचा किनारा थोडा उताराचा असतो, एकाच दिशेने पळत राहिलात तर एक पाय कायम खाली राहतो, तेव्हा जाऊन-येऊन करा.

एका पायावर उभं राहून मित्राकडून आलेला बॉल पायाने परत देणं, हाताने कॅच घेणं, हे वाळूवर करून बघा, सोपं वाटतं आणि नाही. मग उडी मारून एका पायावर उतरायचं आणि दोन सेकंद हलायचं नाही, गुडघा आत पडू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. हे नुसतं कोऑर्डिनेशन नाही, दुखापतीपासूनही वाचवतं. फिफाचा ११ प्लस म्हणून एक वॉर्मअप आहे, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, पळणं, ताकद, उड्या आणि तोल असा मिळून, आठवड्यातून निदान दोनदा करायचा. २००८ मध्ये नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याचा मोठा अभ्यास झाला, त्यात दुखापती जवळपास एक तृतीयांश कमी झालेल्या दिसल्या. नेटवर फुकट मिळतो, पोस्टरसकट. एवढं असून आपल्याकडे अजून ग्राउंडला दोन राउंड मारले की वॉर्मअप झालं म्हणतात.

बीच लांब असेल, डिचोली-वाळपईकडे असाल, तर लंगडी खेळा. खरंच. लंगडीमध्ये एका पायावर तोल, दिशा बदलणं, समोरच्याचा अंदाज, हात लांब करून शिवणं सगळं एकदम येतं, आणि पोरं हसत हसत करतात. खो-खो तर त्याच्याही पुढे. धावणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कुठेही जाता येतं, चेसरला, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला, जाता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मध्येच फिरता येत नाही, म्हणून चेसरला आधीच ओळखावं लागतं की हा कुठे वळणार आणि खो कुणाला द्यायचा. फुटबॉलच्या मुलांना वॉर्मअपला आठवड्यातून एकदा खो-खो खेळवून बघा, प्लॅस्टिकच्या कोनांभोवती पळवण्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

ताल

ताल म्हटलं की खेळाडू म्हणतात तो नाचवाल्यांचा विषय. मग फास्ट बॉलरचा रनअप काय असतो? क्रीजजवळ पावलं आखूड-लांब झाली की नो बॉल, नाहीतर जोर निघून जातो. हाय जंप, भाला, बॅडमिंटनचा स्मॅश, सगळीकडे शेवटच्या तीन-चार पावलांना स्वतःची लय असते.

आणि आपल्याकडे तर हे घराघरात आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट आरती असते तेव्हा घुमट (मडक्यासारखं, एका तोंडाला चामडं लावलेलं वाद्य) वाजवणाऱ्याचे हात बघा, एक हात चामड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताची बोटं मागचं तोंड झाकत-उघडत आवाज बदलतात, म्हणजे दोन हात दोन वेगळी कामं एकाच तालात. (२०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून सरकारने जाहीर केलं, बरं झालं.) काणकोणकडे शिगम्याला गोफ विणतात, हातात दोरी, नाचत नाचत एकमेकांच्या आतून बाहेरून जायचं आणि वेणी पूर्ण झाली की उलट्या पावलांनी तीच सोडवायची, एक जण चुकला की गुंता. आजूबाजूच्या सगळ्यांचं भान ठेवून स्वतःची पावलं टाकणं म्हणजे अजून काय. आणि फुगडी, ज्या मुली चवथीला फुगडी घालतात त्यांना गरगर फिरून झाल्यावर सरळ उभं राहायची सवय असते, जिम्नॅस्टिक्सवाले हे वेगळं शिकवतात. मुलगी ग्राउंडवर जाते म्हणून तिची फुगडी-घुमट बंद करू नका एवढंच म्हणणं.

ग्राउंडवर करायचं तर दोरीच्या उड्या घ्या. दोन पाय, मग आलटून पालटून, मग दोन उजवा-दोन डावा, मग तीन-एक, आणि वेग मध्येच बदलायचा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अॅप) लावून रनअपची पावलं टाकून बघा, नाहीतर कोणाला तरी टाळ्या द्यायला लावा आणि त्याने टाळ्यांचा वेग हळूच बदलायचा. बॉलरने डोळे मिटून रनअप घेऊन बघावा (बॉल न टाकता, आणि समोर कोणी नसताना), पाऊल दर वेळी साधारण त्याच जागी पडतंय का ते खुणेवरून कळतं.

रिअॅक्शन, म्हणजे खरं तर अंदाज

ताशी १४० किलोमीटरचा बॉल बॅटरपर्यंत यायला अर्ध्या सेकंदापेक्षाही थोडा कमी वेळ लागतो. डोळ्याने बघून हात हलवायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद जातात, मग बॅट फिरवायला वेळ वेगळा. पेनल्टी ११ मीटरवरून ताशी १०० ने मारली तर गोलकीपरकडे ०.४ सेकंद, आणि गोल ७.३२ मीटर रुंद. नुसत्या चपळाईवर हे गणित बसतच नाही. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट धरतात, कारण इतक्या लवकर कोणी ऐकून हलू शकत नाही असं मानतात. पट्टीच्या टेस्टमध्ये सरावाने थोडंफार सुधारतं, पण मोठा फायदा आधी ओळखण्यात आहे.

२००० साली लँड आणि मॅक्लाउड यांनी बॅटरच्या नजरेचा माग घेतला तेव्हा दिसलं की बॅटर बॉलवर सगळा वेळ डोळे ठेवतच नाही. हातातून सुटताना बघतो, मग नजर एकदम उडी मारून बॉल टप्पा कुठे खाणार तिथे जाऊन थांबते, आणि चांगला बॅटर ही उडी लवकर मारतो. तेव्हा बॉलवर शेवटपर्यंत नजर ठेव असं नुसतं ओरडण्यापेक्षा हे ड्रिल करा, नेटमध्ये बॅट न घेता उभं राहायचं आणि बॉल सुटल्या सुटल्या टप्पा कुठे पडणार ते ओरडायचं, फुल (जवळ), शॉर्ट (लांब), गुड (मधला). टेनिस बॉलने करा, हेल्मेट असलं तर बरं. थोड्या दिवसांनी ओरडणं लवकर यायला लागतं. गोलकीपरने तसंच मारणाऱ्याच्या टेकवलेल्या पायाकडे आणि कमरेकडे बघून बाजू ओरडायची, उडी मारायची नाही, फक्त ओरडायचं.

लहान मुलांसाठी उलटासुलटा खेळ, लाल आणि निळा कोन ठेवा, लाल म्हटलं की निळ्याला हात लावायचा. मध्येच नियम फिरवा. मित्राने दोन्ही हातांत बॉल खांद्याच्या उंचीवर धरून एक सोडायचा, कुठला ते न सांगता, आणि तुम्ही तो दुसऱ्या टप्प्याच्या आधी पकडायचा, तीन मीटरवरून सुरू करून मागे सरकत जा. आणि सगळ्यांत स्वस्त, चार जण बाहेर पास देत राहतात, एक मधे, त्याने पास चोरायचा. कितीही करा, कंटाळा येत नाही आणि सातही प्रकार त्यात आहेत.

कोचने काय ओरडायचं

घोटा लॉक कर, गुडघा वाक, खांदा पुढे, कोपर वर. एवढं सगळं ऐकून पोरगं जास्तच आखडतं. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ च्या प्रयोगात स्कीच्या (बर्फावर घसरत जायच्या खेळाच्या) सरावाच्या मशीनवर एका गटाला सांगितलं पायाने जोर द्या आणि दुसऱ्याला सांगितलं पायाखालच्या चाकांवर जोर द्या. जवळजवळ एकच गोष्ट, पण चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. म्हणून अंगाबद्दल बोलण्यापेक्षा बाहेरच्या गोष्टीबद्दल बोला. बॉलच्या पोटात मार. बॉल त्या चिऱ्याला लागला पाहिजे. जमीन मागे ढकल. शटल त्याच्या डोक्यावरून जाऊ दे. आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा, पुढची दहा मिनिटांनी.

किती, कधी, कुणी

आठवड्यातून तीन-चार वेळा, १० ते १५ मिनिटं, आणि प्रॅक्टिसच्या सुरुवातीला, वॉर्मअप झाल्या झाल्या. थकल्यावर नवीन गोष्ट शिकवली तर थकलेली हालचाल शिकली जाते. जे आधीच येतं ते मात्र कधीकधी दमल्यावर करून बघावं कारण मॅचच्या ऐंशीव्या मिनिटाला तेच लागणार. एका दिवशी भिंत आणि रिअॅक्शन, दुसऱ्या दिवशी तोल आणि उड्या, रविवारी बीच किंवा खो-खो, एवढी साधी घडी पुरे. मार्च ते मे मध्ये चारच्या उन्हात नको, सहानंतर किंवा सकाळी. झोप कापून पहाटे उठवू नका, हालचालीची आठवण पक्की होण्यात झोपेचा मोठा हात असतो, शाळा-ट्यूशन-ग्राउंड करून अकराला झोपणाऱ्या पोराला साडेपाचला ओढत नेण्यात फायदा नाही.

पावसात, जून ते सप्टेंबर, ग्राउंड म्हणजे चिखल. थोडं चिखलात खेळायला हरकत नाही, पण शेवाळ धरलेल्या काँक्रीटवर किंवा अंगणातल्या फरशीवर उड्या बिलकुल नको. तेव्हा घरात मोज्यांचे तीन गोळे करून जगलिंग (गोळे आळीपाळीने हवेत उडवत झेलत राहणं) शिका, पलंगासमोर उभं राहून, म्हणजे पडले की वाकावं लागत नाही. आधी एक गोळा डोळ्यांच्या उंचीपर्यंत या हातातून त्या हातात, मग दोन, पहिला वर पोचला की दुसरा सोडायचा, आणि दोन व्यवस्थित झाल्याशिवाय तिसरा हातात घ्यायचा नाही. २००४ मध्ये जर्मनीत मोठ्या माणसांना तीन महिने जगलिंग शिकवून मेंदूचे स्कॅन काढले तर हालचाल बघण्याशी संबंधित भागात वाढ दिसली, आणि जगलिंग सोडल्यावर ती परत कमी झाली. अर्थात जगलिंग आलं म्हणून फुटबॉल येत नाही, पावसाळ्यात हात-डोळा जागे राहतात एवढंच.

लहान मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधू नका, पोहणं, सायकल, झाडावर चढणं, लगोरी, सगळं करू दे. आणि मग मुलींना साधारण बाराव्या, मुलांना चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची भरभर वाढते तेव्हा जमणाऱ्या गोष्टी अचानक बिघडतात, कॅच सुटतात, पाय लागतात. हातपाय लांब झालेत आणि मेंदूकडे जुनाच हिशोब आहे. त्या काळात पोराला टीममधून काढून टाकणारे कोच आहेत, वाईट वाटतं. सोप्या ड्रिलवर परत या, उड्यांचं प्रमाण कमी करा, काही महिन्यांत बसतं.

पस्तीस-चाळीसच्या पुढच्यांनीसुद्धा करावं, उलट जास्त करावं, पण वाळूत उड्या मारून सुरुवात नको. दात घासताना एका पायावर, बाजूला बेसिन आहेच धरायला, मग महिनाभराने भिंत. घोटा आधी कधी मुरगळला असेल तर त्या पायाचा तोल कमी झालेला असू शकतो, दोन्ही पायांची टेस्ट वेगवेगळी घ्या, फरक दिसेल, त्या पायाला जास्त वेळ द्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चक्कर येते, असं काही असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओ.

टेस्ट दर सहा आठवड्यांनी परत, त्याआधी नको, रोज मोजलं की पोरं टेस्टचीच प्रॅक्टिस करतात. तीच वेळ, तोच बॉल, तीच भिंत, आणि टेस्टपुरती मात्र गिलावा केलेली गुळगुळीत भिंत घ्या, कारण चिऱ्यांवर ३० सेकंदांत जो आकडा येतो त्यात निम्मा हात चिऱ्यांचा असतो.